दंड सरकारजमा, प्रवासी ताटकळत

१४ जानेवारी २०२४, संक्रांतीची आदली रात्र. गोव्याहून दिल्लीला जाणारं इंडिगोचं विमान मुळातच कित्येक तास उशिरा सुटलं होतं. दिल्लीत धुकं, म्हणून ते मुंबईला वळवलं. इथं त्याला एरोब्रिज मिळाला नाही, टर्मिनलपासून दूरची जागा मिळाली. दिवसभर रखडलेले प्रवासी जिन्यावरून खाली आले, पण बसमध्ये बसायला काही तयार होईनात. विमानाशेजारीच, ॲप्रनच्या म्हणजे विमानं उभी करायच्या जागेच्या फरशीवर, त्यांनी बैठक मारली आणि जेवणाची पाकिटं उघडली. पंगत विमानाच्या पंखापाशी बसल्याची ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी देशभर फिरली.

त्याच दिवशी उलट दिशेच्या, म्हणजे दिल्ली–गोवा विमानात आणखी उशीर होणार असल्याची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एक प्रवासी धावून गेला आणि त्याला ठोसा लगावला. त्याचीही चित्रफीत निघाली.

मग सरकारी यंत्रणा हलली, आणि चांगल्याच वेगानं हलली. तीन दिवसांत नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोनं इंडिगोला १ कोटी २० लाख आणि मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला ६० लाखांचा दंड केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, विमानतळ कंपनीला आणखी ३० लाख ठोठावले. एकूण दोन कोटी दहा लाख. विमान दूर उभं केल्यामुळे प्रवाशांना स्वच्छतागृह, खाणंपिणं अशा साध्या सोयीही मिळाल्या नाहीत, असं मंत्रालयाच्या नोटिशीतच म्हटलं होतं. तरीही हे दोन कोटी दहा लाख गेले सरकारी तिजोरीत. फरशीवर जेवलेल्या माणसांचा त्यात वाटा नव्हता.

भारतातल्या विमानसेवेच्या तक्रारींचा सगळा इतिहास या हिशेबाभोवती फिरतो. प्रकरण गाजलं की दंड होतो, दंडाची बातमी होते, आणि ज्याचा दिवस वाया गेला तो प्रवासी बहुतेक वेळा व्हाउचर, दिलगिरीचा ईमेल किंवा नुसता तक्रार क्रमांक घेऊन घरी जातो. ९ जानेवारी २०२३ ला बंगळुरूहून दिल्लीला निघालेलं गो फर्स्टचं विमान ५५ प्रवाशांना बसमध्येच सोडून उडून गेलं. बोर्डिंग पास झालेला, सामान चढलेलं, माणसं खाली. डीजीसीएनं दहा लाखांचा दंड केला. कंपनीनं त्या प्रवाशांना वर्षभरात वापरता येईल असं देशांतर्गत प्रवासाचं एक मोफत तिकीट देऊ केलं. त्यानंतर चार महिन्यांत कंपनीच बंद पडली.

तक्रारी किती होतात, याचं अधिकृत उत्तर फार सुखद आहे. डीजीसीए दर महिन्याला आकडे जाहीर करतं. उड्डाणासंबंधी अडचण, सामान, रिफंड, ग्राहकसेवा, कर्मचाऱ्यांची वागणूक, खाद्यपदार्थ अशी त्यात वर्गवारी असते, आणि एरवीच्या महिन्यात दहा हजार प्रवाशांमागे तक्रारींचं प्रमाण एकाच्याही खाली असतं. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्यांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. एवढ्या गर्दीत इतक्या थोड्या तक्रारी म्हणजे सेवा उत्तमच म्हणायची! खरं कारण वेगळं आहे. ही मोजणी कंपन्यांकडे रीतसर नोंदलेल्या तक्रारींची. काउंटरवर घातलेला वाद तिच्यात येत नाही, हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकून ठेवून दिलेला फोन येत नाही, आणि ‘जाऊ दे, पोचलो ना’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट तर नाहीच नाही. आपल्याकडे तक्रार न करणारा प्रवासी समाधानी असतोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त दमलेला असतो.

नियम मात्र आहेत, आणि कागदावर ते वाईट नाहीत. डीजीसीएनं २०१० मध्ये जागा नाकारणं, उड्डाण रद्द होणं आणि उशीर या तिन्हींसाठी नियमावली आणली. २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. तिकीट पक्कं असून, वेळेवर येऊनही जागा भरल्या म्हणून प्रवाशाला मागे ठेवलं आणि तासाभरात दुसरी सोय करून दिली नाही, तर चोवीस तासांत सोय केल्यास मूळ भाडं व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. उड्डाण ऐनवेळी रद्द झालं तर प्रवासाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल.

यात दोन पाचरी आहेत. रद्द उड्डाणाच्या भरपाईपुढे बारीक अक्षरात लिहिलंय की वरची रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं व इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. तिकिटावर छापलेल्या एकूण रकमेत विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क, कर असं बरंच काही असतं. मूळ भाडं त्याहून कमी. त्यामुळे सवलतीच्या दिवसांत अडीच हजारांत तिकीट घेतलेल्या माणसाची भरपाईही तेवढ्यातच आटोपते, मग ऐनवेळी दुसऱ्या विमानासाठी त्यानं चौदा हजार मोजले असले तरी. दुसरी पाचर उशिराची. उशिरासाठी रोख भरपाई आपल्या नियमांत नाहीच. खाणं, हॉटेल, रिफंड, पर्यायी विमान, एवढंच. उड्डाण रद्द करण्यापेक्षा तास-तास पुढे ढकलत नेणं कंपनीला स्वस्त पडतं ते यामुळे. फलकावरची वेळ साडेसातची सव्वाआठ, मग साडेनऊ, मग पावणेअकरा होत जाते, आणि नेमकं किती वाजता सुटणार हे काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक नसतं. एसटी स्थानकाच्या चौकशी खिडकीवर ‘गाडी लागली की सांगू’ म्हणणारा निदान प्रामाणिक असतो.

हा उशीर येतो कुठून, हेही पाहायला हवं, कारण कंपन्या सगळा दोष आभाळावर ढकलतात. स्वस्त विमानसेवेचं गणित विमान जमिनीवर कमीत कमी ठेवण्यावर उभं आहे. एकच विमान पहाटे मुंबई–नागपूर, तिथून दिल्ली, मग पुणे, गोवा असं दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. पहाटेच्या फेरीला पाऊण तास उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत पुढच्या प्रत्येक फेरीत झिरपत जातो. डीजीसीएच्या मासिक आकडेवारीत उशिराचं सर्वांत मोठं कारण बहुधा हेच असतं: आधीचं विमान उशिरा आलं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाभोळी नौदलाचं. तिथं नागरी विमानांना वेळा वाटून मिळतात. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, गोव्यात मोपा २०२३ च्या जानेवारीत. त्यामुळे जागा वाढली, पण वेळापत्रकात श्वास घ्यायला फट ठेवायची की नाही, हा निर्णय शेवटी कंपनीचा.

आणि धुकं? ‘अपवादात्मक परिस्थिती’ असली तर भरपाई नाही, हा नियम जगभर आहे आणि तो रास्तही आहे. युद्ध, पूर, दंगल, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचे आदेश यांवर कंपनीचा ताबा नसतो. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारं सकाळचं विमान धुक्यामुळे रखडलं, एक प्रवासी दिवसभर विमानातच बसून राहिला आणि पुढे तक्रार घेऊन हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीत गेला. त्याला दहा हजार रुपये मिळाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं भरपाई रद्द केली. धुक्याला कंपनी जबाबदार नाही म्हणून. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही बजावलं की विमान रखडलेलं असताना प्रवाशाला किमान सोयी देणं स्वस्त विमान कंपनीलाही चुकवता येणार नाही. तिकीट स्वस्त म्हणून पाणी आणि घासभर खाणं नाकारता येत नाही.

तरीही सगळं धुकं निसर्गाचं नसतं. डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीत उतरू न शकलेली डझनावारी विमानं दुसरीकडे वळवावी लागली. दिल्लीच्या धावपट्टीवर अत्यंत कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा आहे. पण ती वापरण्याचं प्रशिक्षण असलेले वैमानिक त्या उड्डाणांवर नेमायला हवेत. एअर इंडिया आणि स्पाइसजेटनं ते नेमले नव्हते, म्हणून डीजीसीएनं दोघांनाही प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. प्रवाशांना त्या दिवशी सांगितलं गेलेलं कारण मात्र ‘खराब हवामान’ हेच असणार. अपवाद ठरवण्याचं काम आपल्याकडे प्रथम कंपनीच करते, ही खरी गोम आहे.

युरोपनं ही पळवाट बरीच अरुंद केली. तिथला २००४ चा नियम २००५ पासून लागू झाला: अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो, तिकीट कितीही स्वस्त असलं तरी. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयानं म्हटलं की विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड हा अपवाद धरता येणार नाही. तो धंद्याचाच भाग आहे. २००९ मध्ये त्याच न्यायालयानं तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरालाही रद्द उड्डाणासारखीच भरपाई लागू केली. लंडन किंवा फ्रँकफर्टहून मुंबईला निघालेल्या मराठी कुटुंबाला ही रक्कम मिळू शकते, मग कंपनी भारतीय असो वा परकी, कारण नियम उड्डाणाच्या ठिकाणाला धरून आहे. ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्यावरही तो आपल्या कायद्यात ठेवला. तेच कुटुंब मुंबईहून भारतीय विमानानं तिकडे जाताना रखडलं तर हाती येतं ते खाण्याचं पाकीट.

अमेरिकेची गोष्ट आणखी जुनी. १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले रॅल्फ नेडर यांना ॲलेगनी एअरलाइन्सनं पक्कं तिकीट असून विमानात घेतलं नाही. त्यांनी खटला भरला, तो १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात ही गोष्ट सामान्य माणसाला कळली. पुढे ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाची एक कल्पना नियमात आली: कुणाला जबरदस्तीनं उतरवण्याआधी पैसे देऊन स्वखुशीनं उतरणारा शोधा. भारताच्या नियमातही आधी स्वखुशीनं उतरणारे शोधण्याची अट आहे. ही अट गांभीर्यानं न पाळल्याचं टोक अमेरिकेतच, एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत, दिसलं. चार कर्मचाऱ्यांना जागा हवी म्हणून सुरक्षारक्षकांनी युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका डॉक्टर प्रवाशाला अक्षरशः फरफटत बाहेर काढलं. त्यानंतर युनायटेड कंपनीनं जागा सोडणाऱ्याला द्यायची कमाल रक्कम दहा हजार डॉलरवर नेली. आपल्याकडे जून २०२२ मध्ये, जागा नाकारलेल्या प्रवाशांना नियमाप्रमाणे भरपाई न दिल्याबद्दल, एअर इंडियाला दहा लाखांचा दंड झाला. तो दंडही सरकारजमा.

विमानतळावरच्या संतापाला तोंड देणारा माणूस यातल्या कशालाच जबाबदार नसतो. काउंटरमागची विशी-पंचविशीतली मुलगी, बऱ्याच ठिकाणी कंत्राटी कंपनीची कर्मचारी, वेळापत्रक ठरवत नाही, रिफंड मंजूर करत नाही, हॉटेलचा खर्चही तिच्या सहीनं होत नाही. तिच्या पुढ्यातल्या पडद्यावर जे येतं तेवढंच तिला माहीत. कंपनीनं प्रवासी आणि निर्णय घेणारा अधिकारी यांच्यामध्ये तिला भिंतीसारखं उभं केलेलं असतं, आणि लोक भिंतीवर डोकं आपटतात.

काही जण चप्पलही उगारतात. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. बिझनेस क्लासचं तिकीट, पण विमानात फक्त इकॉनॉमी. दिल्लीत ते विमानातून उतरेनात, आणि समजूत घालायला आलेल्या एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला त्यांनी चपलेनं मारलं. पंचवीस वेळा मारलं, असं त्यांनी स्वतःच माध्यमांना सांगितलं. देशातल्या प्रमुख कंपन्यांनी त्यांना विमानबंदी केली आणि खासदारसाहेबांना रेल्वेचा आधार घ्यावा लागला. त्यांनी खेद व्यक्त केल्यावर एप्रिलमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांच्या बंदी-यादीचा नियम आला: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिकाला सहा महिन्यांपर्यंत, जीवघेण्याला किमान दोन वर्षं. हातापायी करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण बेशिस्त प्रवाशाला घरी बसवणारी यादी काही महिन्यांत तयार होते आणि रखडलेल्या प्रवाशाला रोख रक्कम देणारी तरतूद वर्षानुवर्षं होत नाही, यातून कुणाचा आवाज लवकर ऐकला जातो हे समजतं.

डिसेंबर २०२५ मध्ये या सगळ्या व्यवस्थेची एकदम परीक्षा झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते: आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. थकलेला वैमानिक धोकादायक असतो, त्यामुळे हे नियम प्रवाशांच्याच हिताचे. पूर्वसूचनाही भरपूर मिळाली होती. तरीही देशांतर्गत बाजाराचा जवळपास ६५ टक्के हिस्सा असलेल्या इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते. डीजीसीएच्या हिशेबानं ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ रखडली आणि तीन लाखांहून अधिक लोक अडकले. पुण्यात विमानं उभी करण्याच्या बहुतेक जागा कर्मचाऱ्यांची वाट पाहणाऱ्या इंडिगोच्या विमानांनी अडवल्या, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांची उतरलेली विमानंही खोळंबली. हुबळीत एका जोडप्याचा स्वागत समारंभ ठरलेला. वधूवर भुवनेश्वरला अडकलेले. पाहुणे आले होते, जेवण तयार होतं. शेवटी वधूचे आईवडील व्यासपीठावर त्यांच्या खुर्च्यांत बसले आणि नवदांपत्य नटूनथटून पडद्यावर झळकलं.

इतर कंपन्यांचे दर आभाळाला भिडल्यावर सरकारनं ६ डिसेंबरला भाड्याला कमाल मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. दुसऱ्या दिवसापर्यंत ६१० कोटींचे रिफंड दिले गेल्याचं जाहीर झालं. जास्त हाल झालेल्यांना इंडिगोनं दहा हजारांची व्हाउचर देऊ केली, वर्षभरात वापरायची, अर्थातच त्याच कंपनीच्या विमानांत. एका कंपनीनं बिघडवलेला प्रवास भरून काढायला पुन्हा तिच्याच दारात जायचं! जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएनं २२ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतून कंपनीला काही आठवड्यांची सूट मात्र त्याआधीच मिळाली होती. बाजारातला दोन-तृतीयांश हिस्सा एकाच कंपनीकडे असला की नियामकालाही फार ताणून धरता येत नाही. उद्या तिची विमानं थांबली तर देश थांबतो.

उलट कंपनीच थांबली तर प्रवाशाचं काय होतं, याचे धडे आपल्याला तीनदा मिळालेत. २०१२ मध्ये किंगफिशर. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज. तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. उन्हाळी सुट्टीची तिकिटं आधीच काढून ठेवलेली हजारो कुटुंबं दिवाळखोरीच्या रांगेत बँका, विमानमालक, कर्मचारी यांच्या मागे जाऊन उभी राहिली. क्रेडिट कार्डनं पैसे भरलेल्यांतल्या काहींना बँकेमार्फत रक्कम परत मिळवता आली, इतरांनी पैशांवर पाणी सोडलं. जेट सावरण्याचे प्रयत्न पाच वर्षं चालले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढायचा आदेश दिला. प्रवाशांचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात राखून ठेवावेत, अशी सक्ती अजूनही नाही. कोविडच्या टाळेबंदीत तर चालू कंपन्यांनीही रोख परत देण्याऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवलेली रक्कम, पुढे केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारखा आणि व्याजासारखा मोबदला ठरवून द्यावा लागला, तेव्हा पैसे सुटले.

सामानाचं प्रकरण त्या मानानं सरळ आहे. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली तर कंपनीची जबाबदारी कमाल २०,००० रुपयांची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. नुकसान झालेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर नोंद करून तिचा कागद घ्यावा, हे माहीत असलेले लोक थोडे, आणि बहुतेक दावे तिथंच लंगडे होतात.

अपंग आणि वृद्ध प्रवाशांच्या बाबतीत मात्र प्रश्न पैशापुरता राहत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. जागेवर बसल्यानंतर स्पाइसजेटच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना खाली उतरवलं. चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रक्कम थेट अन्याय झालेल्या व्यक्तीच्या हाती पडली, म्हणून हे प्रकरण दंडांच्या यादीत उठून दिसतं. पण त्यासाठी देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. एवढं होऊनही मे २०२२ मध्ये रांचीत इंडिगोनं एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही. पाच लाखांचा दंड झाला, आणि नियम बदलला: प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल असं कंपनीला वाटत असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरचं मत घ्यायचं, आणि तरीही नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीनं व्हीलचेअर आधीच मागितल्या होत्या. मिळाली एकच. पत्नी तिच्यावर बसली, ते शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपर्यंतचं लांब अंतर चालले आणि कोसळले. थांबायला सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं. डीजीसीएनं ३० लाखांचा दंड केला. व्हीलचेअर मागणाऱ्यांची संख्या कंपन्यांना न झेपण्याइतकी वाढलीय, हे खरं आहे. त्यांतले सगळेच चालू न शकणारे नसतात. सांगली-साताऱ्याकडून मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आजी-आजोबांना पाय धड असूनही व्हीलचेअर घेऊन दिली जाते. कारण मधल्या विमानतळावर गेट शोधणं आणि इंग्रजीत प्रश्नांना उत्तरं देणं त्यांना अवघड जातं. व्हीलचेअरसोबत एक माणूस मिळतो, आणि हवा असतो तो माणूसच. अशा प्रवाशांसाठी निव्वळ सोबतीची वेगळी सोय केली, तर गुडघे गेलेल्यांसाठी खुर्च्या उरतील. इतका साधा विचार कंपन्यांच्या हिशेबात बसत नाही, कारण सोबतीला पगार द्यावा लागतो.

मग तक्रार करायची कुठे? आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग तिथलाच अपील अधिकारी. त्यानं समाधान झालं नाही तर मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल, जे २०१६ पासून आहे. तिथं तक्रार कंपनीकडेच पाठवली जाते, फक्त सरकारी शिक्क्यानं. त्यामुळे उत्तर लवकर येतं, हे मान्य करावं लागेल. अडकलेल्या रिफंडसाठी ही वाट बरी. उड्डाणाला न आलेल्या प्रवाशालाही विमानतळ शुल्क आणि कर परत मिळायला हवेत, मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी. ही रक्कम लोक मागतच नाहीत. डीजीसीए मात्र एकेका प्रवाशाचा दावा निकालात काढत नाही. ते कंपनीला शिस्त लावतं, प्रवाशाला पैसे मिळवून देत नाही.

बँकेच्या ग्राहकासाठी १९९५ पासून लोकपाल आहे, विम्यासाठी १९९८ पासून. विमानप्रवाशासाठी तसा लोकपाल नाही. उरतो तो ग्राहक आयोग. ग्राहक चळवळीचं मूळ महाराष्ट्रात खोल आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता, तो १९८६ मध्ये आला. २०१९ च्या नव्या कायद्यानं एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी कोल्हापूरच्या प्रवाशाला कोल्हापुरात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. बोर्डिंग पास, कंपनीचे मेसेज, बदलत्या वेळा दाखवणाऱ्या फलकाचे फोटो, स्वतः केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर बाजू भक्कम होते. कालावधी मात्र हाती नसतो. वर्ष, दोन वर्षं, अपील झालं तर आणखी. चार हजारांच्या दाव्यासाठी एवढ्या तारखांना कोण हजर राहणार, हे कंपनीच्या कायदेविभागाला पक्कं ठाऊक असतं.

युरोपासारखी ठरावीक रक्कम नियमातच लिहिली, आणि ती सात दिवसांत कार्डावर जमा करायची सक्ती केली, तर यातले बहुतेक दावे उभेच राहणार नाहीत. कंपन्या म्हणतात, मग तिकिटं महागतील. थोडी महागतीलही. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. हुकलेली मुलाखत, दुप्पट दरानं काढलेलं तिकीट, विमानतळावरची रात्र या रूपात तो प्रवासीच भरतोय. आणि नियम लिहिला तरी तो राबवायला माणसं लागतील. संसदेच्या स्थायी समितीनं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार डीजीसीएच्या मंजूर १,०६३ पदांपैकी भरलेली होती ५५३.